बाबांना मटण चावत नाही : कुकर की सू वीड?

घोडबंदर_७
८ जुलै, रात्री १०:२०

मंडळी, जरा सविस्तर लिहिते.

बाबा ७९ वर्षांचे आहेत. दिवाळीपासून वर पूर्ण कवळी आणि खाली स्वतःचे चार दात. भाकरी दुधात कुस्करून खातात, फळं किसून देते, कशाचीच तक्रार नाही. पण मटण म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आयुष्यभर रविवारी सकाळी स्वतः बाजारात जाऊन, समोर उभं राहून तुकडे करून घेणारा माणूस. आता सहा महिने ते तुकडे ताटाच्या कडेला सारतात आणि नुसता रस्सा-भात जेवतात. एखादा तुकडा तोंडात घोळवून हळूच बाहेर काढतात. मी बघितलं की नजर चुकवतात. ते मला बघवत नाही.

माझी पद्धत अशी : पाच लिटरचा कुकर, मटणाला हळद-मीठ-आलं-लसूण लावून सहा शिट्ट्या, मग वाटण. कधी मऊ होतं, कधी दोऱ्यासारखं. का ते कळत नाही. भावाने परदेशातून सू वीडचं यंत्र पाठवलंय, म्हणजे पदार्थ पिशवीत घालून ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात तासन्‌तास शिजवायचं, पाण्यात उभं करायची दांडी असते तसलं. खोक्यातच आहे. कुणी म्हणतं त्यात मटण लोण्यासारखं होतं, कुणी म्हणतं ते हॉटेलवाल्यांचं काम.

श्रावण लागायला पंधरा दिवस आहेत. त्याआधी एकदा तरी बाबांनी मटण पोटभर खावं एवढीच इच्छा आहे. ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी नीट सांगा.

---

निळी_ज्योत
८ जुलै, रात्री ११:०५

ताई, आधी एक सांगा, मटण कुठल्या भागाचं आणता? ‘मिक्स द्या’ म्हणून आणत असाल तर सगळा घोळ तिथेच आहे. मागच्या मांडीचा तुकडा आणि पुढच्या पायाचा तुकडा एकाच वेळी शिजत नाहीत. एक होईपर्यंत दुसऱ्याचा चोथा.

नौपाड्यात चाळीस वर्षं चूल सांभाळली, त्यावरून सांगते. खांदा, मान आणि नळीचा भाग घ्या. पडदे आणि शिरा असलेलं मटण बघायला बरं दिसत नाही, पण तेच मऊ होतं. मांडीचं स्वच्छ, लालभडक मटण दिसायला देखणं आणि कुकरमध्ये कोरडं.

दुसरं, शिट्ट्या मोजणं सोडा. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ बघा. बोकड कोवळा असेल तर वीस मिनिटं, जून असेल तर तीस-पस्तीस. मग गॅस बंद. कुकर आपोआप पडू द्या, नळाखाली धरू नका.

---

खाडीपल्याड
९ जुलै, सकाळी ६:४०

निळी_ज्योत ताईंनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट बरोबर आहे. ती का बरोबर आहे ते मी सांगतो. एकतीस वर्षं बॉयलरवर काम केलं, आता निवृत्त होऊन ऐरोलीत असतो. स्वयंपाक उशिरा शिकलो, पण वाफ मला कळते.

आपण समुद्रसपाटीला राहतो, म्हणून उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. खाली आच कितीही वाढवा, ते १००च्या वर जात नाही, फक्त लवकर आटतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, तिथे तेच पाणी ९५-९६ अंशांना उकळतं, म्हणून तिथे उघड्यावर डाळ रेंगाळते. कुकर याच्या उलट करतो. शिट्टी म्हणजे मुळात एक वजन. आतल्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोने वाढला की ते वजन उचललं जातं. त्या दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. ढोबळ हिशोबाने दर १० अंशांना शिजण्याचा वेग दुप्पट होतो. तेव्हा उघड्यावर दोन तास लागणारं मटण अर्ध्या तासात होतं यात नवल नाही.

आता शिट्टीचं. शिट्टी होते म्हणजे आत जास्त झालेली वाफ बाहेर पडते, एवढंच. तिचा वेळेशी काही करार नाही. मोठ्या गॅसवर तीन लिटरच्या कुकरला सहा शिट्ट्या पाच मिनिटांत होतील, बारीक गॅसवर पाच लिटरच्या कुकरला सहा शिट्ट्या व्हायला अर्धा तासही लागेल. आतलं तापमान दोन्हीकडे जवळजवळ सारखंच. वेळ मात्र सहापट. ताई, तुमचं मटण कधी मऊ आणि कधी दोऱ्यासारखं का होतं, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं निळी_ज्योत ताईंनी दिलंच, मटणाचा भाग.

आणि नळाखाली कुकर धरला की काय होतं? दाब एकदम पडतो. मटणाच्या आतलं पाणी तेव्हा १००च्या वर असतं, ते तिथल्या तिथे उकळून वाफ होऊन बाहेर पडतं. तुकडा आतून सुकतो. डाळीला ते चालतं, मटणाला नाही.

एक माहिती म्हणून : ही कल्पना दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाची, १६७९ची. त्याने हाडं मऊ करायचं भांडं बनवलं आणि ते फुटू नये म्हणून वजनाची झडप बसवली. आपली शिट्टी तिचीच नात. आणि आपल्या वागळे इस्टेटीत हॉकिन्सचा कारखाना आहे, म्हणजे ठाणेकरांचं आणि कुकरचं नातं तसं घरचंच.

---

पाचपाखाडी
९ जुलै, दुपारी १:१५

मला सू वीड पटत नाही, स्पष्ट लिहितो. प्लॅस्टिकच्या पिशवीत मटण घालून दिवसभर गरम पाण्यात ठेवायचं आणि ते वडिलांना द्यायचं? आपण चहासुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणू नका म्हणतो. शिवाय चोवीस तास हीटर चालू, विजेचं बिल कोण भरणार? बापलेकीच्या भावनेचा आदर आहे, पण साधा कुकर नीट वापरला तर यंत्राची गरज पडू नये.

---

सीवूड्स_पाणी
९ जुलै, रात्री ९:३०

मी चार वर्षं सू वीड करतेय आणि कुकरही रोज लावते, तेव्हा दोन्हींबद्दल बोलते.

सू वीड म्हणजे फ्रेंचमध्ये ‘निर्वातात’. पदार्थ पिशवीत घालून हवा काढायची आणि ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात ठेवायचं. १९७४मध्ये जॉर्ज प्राल्यूस या शेफने फ्रान्समधल्या रोआनच्या त्रुआग्रो रेस्टॉरंटसाठी ते वापरलं, ब्रूनो गूसो या शास्त्रज्ञाने त्यामागचं तापमानाचं शास्त्र मांडलं. पण निर्वात हा त्यातला गौण भाग. खरा मुद्दा तापमानाचा.

मांसात दोन गोष्टी असतात असं समजा. एक स्नायूंचे धागे, दुसरे त्यांना बांधणारे पडदे आणि शिरा, म्हणजे कोलॅजेन. धागे पन्नासच्या पुढे घट्ट व्हायला लागतात आणि ६५-७०च्या पुढे जोरात आकसून आपलं पाणी पिळून टाकतात. कोलॅजेनचं उलट आहे. ते विरघळून जिलेटिन व्हायला हवं, तरच तुकडा मऊ होतो. साठ अंशांवर ते फार सावकाश विरघळतं, ऐंशीच्या पुढे भराभर. म्हणजे एकाला कमी तापमान हवं, दुसऱ्याला जास्त. कुकर १२०वर जाऊन कोलॅजेन झटकन विरघळवतो, पण धागे पूर्ण पिळून निघतात. म्हणून कुकरचं मटण एकाच वेळी मऊही असतं आणि कोरडंही. रश्श्यात बुडलेलं असतं म्हणून आपल्याला ते कोरडेपण जाणवत नाही. दात असलेल्याला तर नाहीच जाणवत.

सू वीडमध्ये तापमान तुम्ही ठरवता, आणि त्याची किंमत वेळात मोजता. बोकडाचा खांदा ७० अंशांवर चोवीस तास ठेवला तर कोलॅजेन सावकाश विरघळतं आणि धाग्यांत बऱ्यापैकी ओलावा राहतो. चमच्याने दाबलं की तुकडा पसरतो.

पाचपाखाडी दादा, बिलाचं गणित : दहा लिटर पाणी २७ अंशांवरून ७०ला न्यायला अर्धा युनिट लागतं. पुढे फक्त उष्णता टिकवायची असते. झाकण लावलं आणि भांड्याला जाड टॉवेल गुंडाळला तर माझ्याकडे चोवीस तासांना तीन युनिटांच्या आसपास जातात. उघडं ठेवलं तर पाणी वाफ होऊन जातं आणि बिल खरंच वाढतं. प्लॅस्टिकचं मी उद्या लिहिते, तुमची शंका चुकीची नाही.

ताई, एक मात्र आत्ताच. कच्च्या पपईचा तुकडा लावून मटण मुरवत असाल तर सू वीडमध्ये तो अजिबात नको. पपईतलं पाचक द्रव्य ६०-७० अंशांना सगळ्यात जोमात असतं. कुकरमध्ये तापमान पटकन वर जातं, ते मरतं. इथे ते तासन्‌तास काम करत राहील आणि मटणाचा लगदा होईल.

---

दिवाळे_बंदर
१० जुलै, सकाळी ११:००

तुमचं शास्त्र वाचलं, आवडलं. आमच्याकडे दिवाळे गावात मासळी रोजची, मटण सणाला आणि हळदीला. सासूबाई आगरी मसाल्यातलं मटण अजूनही टोपात करतात. टोपावर खोलगट झाकण, झाकणात पाणी. आतलं पाणी आटलं की वरचं गरम पाणी खाली सोडायचं. दीड-दोन तास. रस्सा जो उतरतो तो कुकरला येत नाही हे मी शपथेवर सांगेन. पण वीस माणसांचं रोज जेवण असतं तेव्हा सासूबाई स्वतःच म्हणतात, कुकर लाव.

मासळीला मात्र दोन्ही नको. पापलेट किंवा सुरमई तव्यावर पाच-सात मिनिटांत होते, तिला काय करायचंय चोवीस तासांचं पाणी?

आणि वालाच्या बिरड्याला कुकर लावणाऱ्यांनी कृपया थांबावं. मोड आलेले, सोललेले वाल दहा-पंधरा मिनिटांत शिजतात, डाळिंबी अखंड राहिली पाहिजे. कुकरमध्ये त्याचं पिठलं होतं.

---

घोडबंदर_७
१० जुलै, दुपारी ४:१०

सगळ्यांचे आभार. बिरड्याबद्दल अगदी सहमत, माझी आई पण कढईतच करायची.

धाग्यात थोडं अवांतर होईल, पण विचारते. आमच्या सोसायटीत महिन्यातले बरेच दिवस टँकरचं पाणी असतं. त्या पाण्यात तूरडाळ कुकरमध्येही नीट शिजत नाही, दाणा टणक राहतो. मटणालाही त्याचा त्रास होत असेल का?

---

खाडीपल्याड
१० जुलै, संध्याकाळी ७:२०

मटणाला नाही, डाळीला नक्की. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. डाळीच्या पेशींना जोडणारं पेक्टिन त्या कॅल्शियमशी घट्ट बांधलं जातं, म्हणून ते विरघळत नाही. आम्हाला नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं, ते मऊ आहे, इथे डाळ दोन शिट्ट्यांत मेणासारखी होते. तुम्ही डाळीपुरतं पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा, नाहीतर चिमटीच्याही अर्धा खाण्याचा सोडा. आणि आमसूल-चिंच-टोमॅटो डाळ शिजल्यावरच. आंबटाने पेक्टिन तसंच अडून बसतं.

त्याच पाण्याने तुमच्या यंत्राच्या हीटरवर पांढरा थर बसेल. दर काही वापरांनंतर सायट्रिक ॲसिडच्या गरम पाण्यात चालवून काढा.

---

सीवूड्स_पाणी
१० जुलै, रात्री १०:४५

डाळींचा विषय निघालाच आहे तर एक महत्त्वाचं, कुणी नवं यंत्र आणून कडधान्यं करून बघायला जाईल म्हणून. भाज्या आणि कडधान्यं सू वीडच्या नेहमीच्या तापमानाला शिजतच नाहीत. भाजी मऊ व्हायला ८५ अंश तरी लागतात. आणि राजमा तर कमी तापमानाला कधीही करू नका. त्यात लेक्टिन नावाचं एक विषारी द्रव्य असतं, ते भिजवून, पाणी टाकून, किमान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय जात नाही. अर्धवट गरम झालेला राजमा कच्च्याहूनही जास्त त्रास देतो, उलट्या-जुलाब होतात. राजमा, छोले, हरभरा ही कुकरची कामं, त्यात वादच नाही.

आता प्लॅस्टिक. मी खाद्यपदार्थांसाठीच्या, उष्णतेची मर्यादा छापलेल्या पिशव्या वापरते. साध्या झिपच्या पिशव्यांची शिवण ७०च्या पुढे दिवसभरात सुटते, म्हणून लांब वेळेला त्या नकोतच. पण पाचपाखाडी दादांसारखं कुणाला पिशवीच नको असेल तर काचेची जाड बरणी घ्या. बरणीत मात्र पदार्थ द्रवात पूर्ण बुडलेला हवा, कारण हवेतून उष्णता नीट जात नाही. झाकण हलकंच लावायचं. गरम बरणी गार पाण्यात किंवा गार बरणी गरम पाण्यात एकदम टाकायची नाही, तडकते. यात निर्वात नाही, म्हणजे नावापुरतं सू वीडही नाही. मटणाला नावाशी काय देणंघेणं!

---

पाचपाखाडी
११ जुलै, सकाळी ८:००

बरणीचं मला पटलं. विजेचा हिशोबही पटला. वयस्कर माणसाच्या प्रकृतीबद्दल अजून शंका आहे. कमी तापमानावर जंतू मरतात का?

---

सीवूड्स_पाणी
११ जुलै, दुपारी २:३०

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि ७९ वर्षांच्या माणसासाठी तर पहिला.

जंतू मरणं हे तापमान आणि वेळ दोन्हींवर असतं. कोंबडी ७४ अंशांना गेली की लगेच सुरक्षित मानतात. पण आतला मध्यभाग ६० अंशांना पोचून अर्ध्या तासाहून जास्त तिथे राहिला तरी साल्मोनेला तितकाच मरतो. म्हणून मी चिकनचा छातीचा भाग ६३वर दीड तास ठेवते. तोच कुकरमध्ये टाकला तर खडू होतो, त्यात कोलॅजेन नसतंच, फक्त धागे. माझ्या मते आपल्या घरांत सू वीडचा सगळ्यात खरा उपयोग हाच आहे. अंडं ६४ अंशांवर तासभर ठेवलं तर पिवळा बलक मऊ मलमासारखा होतो, तेही कुकरला जमणार नाही.

५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा. त्यात पदार्थ तासन्‌तास राहता कामा नये. वयस्कर, गरोदर किंवा आजारी माणसासाठी ६०च्या खालचं काहीही करू नका. ताईंचं मटण ७०वर चोवीस तास, त्यात चिंता नाही.

पण झाल्यावर. हवाबंद, कमी आंबट, कोमट अशा जागी बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे बीजाणू वाढू शकतात, आणि ते १०० अंशांनाही मरत नाहीत, त्यांना १२१ लागतात. म्हणून लगेच खायचं नसेल तर बर्फाच्या पाण्यात झटकन गार करून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि दोन-तीन दिवसांत संपवायचं. ओट्यावर निवत ठेवायचं नाही. आणि कच्चा लसूण आत घालू नका. एक तर तो बीजाणू घेऊन येतो, दुसरं म्हणजे ७० अंशांना तो शिजत नाही, चोवीस तासांनी उग्र वास मारतो. कांद्याचंही तेच. वाटण वेगळं, नीट भाजून, नीट परतून.

---

घोडबंदर_७
१३ जुलै, दुपारी ३:३०

आजचा वृत्तांत. निळी_ज्योत ताईंच्या पद्धतीने केलं. पुढचा पाय आणि खांदा, एक किलो. पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर पंचवीस मिनिटं, कुकर आपोआप पडू दिला. आजपर्यंत आमच्या घरी झालेल्या मटणांत सगळ्यात चांगलं. नवऱ्याने आणि मुलीने टोप पुसून खाल्ला.

बाबांनी दोन तुकडे खाल्ले. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मग थांबले. मी विचारल्यावर म्हणाले, “मऊ आहे गं, पण धागे कवळीखाली जातात.” जाऊन कवळी धुऊन आले आणि रस्सा-भात जेवले.

अडचण मऊपणाची नाहीच, हे मला आज कळलं. सीवूड्स_पाणी म्हणाली तेच, मऊही आणि कोरडंही. कोरडे धागे सुटे होतात आणि टोचतात. पुढच्या रविवारी खोकं उघडते.

---

निळी_ज्योत
१३ जुलै, संध्याकाळी ५:००

दोन तुकडे खाल्ले हे ऐकून बरं वाटलं. कवळीखाली धागा जाण्याचा त्रास मला माहीत आहे, माझ्या सासूबाईंना होता. त्यांना मी खिमा द्यायचे. त्या खायच्या, पण म्हणायच्या, हे मटण नव्हे, हे मटणाची बातमी आहे. तेव्हा तुम्ही हट्टाने तुकडाच देताय ते योग्य करताय.

एक विनंती. यंत्रात मटण केलंत तरी हाडं सोडू नका. बिनहाडाचं मटण शिजवून त्यावर वाटण ओतलं तर तो रस्सा नाही होणार. रश्श्याचा जीव हाडात आहे.

---

खाडीपल्याड
१३ जुलै, रात्री ८:१५

ताईंच्या या वाक्यात उत्तर आहे असं मला वाटतं. हाडं आणि मांस वेगळं करा ना. हाडांना १२० अंश हवेत, त्यांना पिळून निघायची भीती नाही. ती कुकरमध्ये पाऊण तास जाऊ द्या. मांसाला ७० हवेत. आणि सीवूड्स_पाणी म्हणतात तशी बरणी वापरायची असेल तर बरणीत ओतायला द्रव लागणारच आहे. तो द्रव म्हणजे कुकरमधलं हाडांचं गरम पाणी. मटण सुरुवातीलाच गरम झालं की धोक्याच्या पट्ट्यातून लवकर बाहेरही पडेल.

कुकर दोन तृतीयांशच्या वर भरू नका, आणि त्याआधी रिंग व सेफ्टी व्हॉल्व्ह बघून घ्या. घरगुती कुकरला आयएस २३४७ हे मानक आहे, आयएसआयची खूण नसलेला कुकर घेऊच नका.

---

सीवूड्स_पाणी
१३ जुलै, रात्री ९:००

काका, हे मला चार वर्षांत सुचलं नाही. मी पिशवीतला रस गाळून रश्श्यात घालते, पण हाडांचं पाणीच आत घालायचं हे कधी केलं नाही. ताई, असंच करा. मटणाला मीठ-हळद लावा, बरण्या आधी गरम पाण्याने विसळून कोमट करा, यंत्राचं पाणी पन्नासच्या आसपास असताना बरण्या ठेवा आणि मग ७० लावा. तरंगू नयेत म्हणून वर स्टीलची ताटली.

---

घोडबंदर_७
१९ जुलै, दुपारी १२:४०

सुरुवात केली. सकाळी दुकानदाराला खांद्याचं मांस सोडवून हाडं, नळी आणि मान वेगळी द्यायला सांगितली. तो म्हणाला, असं कुणी मागत नाही. बाबा खुर्चीवर बसून बघत होते. हाडं आणि मान कुकरमध्ये बारीक गॅसवर पाऊण तास. पाणी गाळलं तर पांढरट, दाट, बोटाला चिकटणारं. मांसाचे दोन इंची तुकडे दोन बरण्यांत, वर ते गरम पाणी. आता यंत्रावर ७०.० दिसतंय. टॉवेल गुंडाळलाय. उद्या दुपारी साडेबाराला काढायचं.

---

घोडबंदर_७
२० जुलै, पहाटे ५:५०

कुणी जागं आहे का? रात्री पावसात वीज गेली होती, आत्ता आली. मोबाइलवर बघितलं तर साडेतीनला वायफाय बंद पडलेलं दिसतंय, म्हणजे सव्वादोन तास. यंत्र आपोआप सुरू झालं नाही. थर्मामीटरने पाणी ६१.८ आहे. टाकून देऊ का?

---

खाडीपल्याड
२० जुलै, पहाटे ५:५८

टाकू नका. पाणी ६०च्या खाली गेलेलं नाही. झाकण आणि टॉवेल होता म्हणून टिकलं. बरण्यांच्या आतलं तापमान बाहेरच्या पाण्यापेक्षा सावकाश उतरतं, ते थोडं जास्तच असेल. खात्रीसाठी एका बरणीत थर्मामीटर घालून बघा.

---

घोडबंदर_७
२० जुलै, सकाळी ६:०६

बरणीत ६३.५. यंत्र सुरू केलं.

---

सीवूड्स_पाणी
२० जुलै, सकाळी ७:३०

आत्ता वाचलं. काकांनी बरोबर सांगितलं. ५५च्या खाली सापडलं असतं आणि किती वेळ ते कळत नसतं, तर बाबांसाठी म्हणून मी टाकूनच द्या म्हटलं असतं. गेलेल्या वेळाइतका वेळ वाढवा, अडीच-तीनला काढा. आणि पावसाळ्यात असं लांब काही ठेवाल तेव्हा रात्री ७५ला ठेवून झोपा, तेवढीच ऊब हाताशी राहते.

---

घोडबंदर_७
२० जुलै, संध्याकाळी ६:४५

जेवायला चार वाजले. सगळे थांबले होते, बाबासुद्धा.

कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजलं, आलं-लसूण-कोथिंबीर, थोडी खसखस. वाटण तेल सुटेपर्यंत परतलं, दिवाळे_बंदर ताईंचं वाचून या वेळी आगरी मसाला आणला होता तो घातला. बरण्यांतलं पाणी वेगळं उकळून वर आलेला फेस गाळून टाकला, मग वाटणात ओतलं. कुकरमधली नळी आणि मानेचे तुकडे त्यातच. रस्सा दहा मिनिटं उकळल्यावर गॅस बंद केला आणि बरणीतलं मटण शेवटी त्यात अलगद सोडलं, उकळू दिलं नाही.

तुकडा अख्खा दिसत होता. बाबांनी सवयीप्रमाणे तो आधी कडेला सारला. मी म्हटलं, चमच्याने दाबा. दाबला तर पसरला, आणि आत रस्सा मुरलेला. त्यांनी खाल्ला. मग काही न बोलता पाच तुकडे खाल्ले. कवळी धुवायला उठले नाहीत. शेवटी नळी मागितली, ताटात ठोकली आणि ओढली, पूर्वीसारखी. मुलगी हसायला लागली. मी आत जाऊन भांडी आवरायला घेतली.

पाचपाखाडी दादा, मुद्दाम तुमच्यासाठी : मीटर बघितला, पण घरातलं बाकी सगळं चालू होतं, तेव्हा नेमका आकडा देत नाही. प्लॅस्टिक मात्र कुठेच वापरलं नाही.

---

पाचपाखाडी
२० जुलै, संध्याकाळी ७:१०

ताई, वाचून भरून आलं. माझ्या आईलाही कवळी आहे. तिच्यासाठी चिकन करायचं आहे, मटण ती खात नाही. कवळीला छातीचा भाग चालेल की तंगडी?

---

सीवूड्स_पाणी
२० जुलै, रात्री ८:००

तंगडी. तिच्यात कोलॅजेन असतं. ७४ अंशांवर चार तास, बरणीतच, वर गरम पाणी किंवा सूप. छातीचं मांस ६३ला रसाळ होतं, पण धागे लांब असतात, तेव्हा द्यायचंच असेल तर धाग्याला आडवं, पातळ कापून द्या.

---

निळी_ज्योत
२० जुलै, रात्री ८:२०

घोडबंदर ताई, खसखस भिजवून घातलीत की कोरडी भाजून? आणि रोजच्या दिवशी काय करणार, चोवीस तास कुठून आणणार?

---

घोडबंदर_७
२० जुलै, रात्री ९:०५

खसखस कोरडी भाजून, मग गरम पाण्यात अर्धा तास. एरवीच्या रविवारी तुमचाच कुकर, बारीक गॅसवर पंचवीस मिनिटं, आम्हा तिघांसाठी. बाबांचे तुकडे आदल्या दिवशी बरणीत. एक बरणी अजून उरली आहे, बर्फात गार करून फ्रिजमध्ये ठेवलीय. मंगळवारी रात्री काढते, गुरुवारी अमावास्या.